घडीच्या चाकूची किंमत: धार, सांधा, नाव आणि मुभा

१.
जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. वाघूर नदीच्या काठी वसलेले, पेठ आणि कसबे अशा दोन अंगांचे. येथील एखाद्या तरुणाच्या मोबाइलवर आज टायटॅनियमच्या मुठीचा घडीचा चाकू दिसतो. वजनाला हलका, न गंजणारा, एका अंगठ्याने उघडणारा. किंमत मात्र आठवडी बाजारातल्या साध्या चाकूच्या कित्येक पट. घ्यावा की न घ्यावा?

प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु गेली दीडशे वर्षे खानदेशातील ग्राहकापुढे तो निरनिराळ्या रूपांत उभा राहिला आहे, आणि त्याच्या उत्तरात पोलाद, रेल्वे, शस्त्रबंदी व स्वदेशी हे सारेच गुंतलेले आहे. त्या गुंत्याचा हा धागा. 🧵

२.
घडीचा चाकू विकत घेणारा मनुष्य खरे पाहता चार गोष्टींचे पैसे मोजतो.

धार: पाते किती चांगले कापते आणि ती धार किती काळ टिकते.
सांधा: पाते मुठीत मिटते कसे, उघडल्यावर स्थिर राहते कसे.
नाव: पात्यावर कोणाची खूण आहे.
मुभा: तो चाकू खिशात बाळगण्याची परवानगी आहे की नाही.

पहिल्या दोन गोष्टी लोहाराच्या, तिसरी व्यापाऱ्याची आणि चौथी सरकारची. या चारींचे वजन प्रत्येक काळात बदलत गेले. टायटॅनियमचा चाकू घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी तो यांपैकी नेमके काय विकतो, एवढे कळले तरी पुरे.

३.
आरंभ सांध्यापासून करू. पाते मुठीत मिटवण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे इ. स. पूर्व ६०० ते ५०० या काळातील, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातील एक उपकरण आहे. चमचा, काटा, टोचा आणि चाकू असे सारे काही त्यात एकाच मुठीत मिटते.

या युक्तीचा लाभ उघड आहे. म्यानाशिवाय धार जवळ बाळगता येते. तोटाही तितकाच उघड आहे. जेथे पाते वळते, तेथेच चाकू दुबळा होतो. बिजागरी ढिली पडली, तर पाते बोटांवर मिटते. गेल्या दोन हजार वर्षांत घडीच्या चाकूत जी सुधारणा झाली, तिचा मोठा भाग या एका दुबळ्या जागेभोवती फिरतो.

४.
मराठी घरात धार नवी नव्हती. स्वयंपाकघरात विळी, शेतात विळा, खुरपे आणि कोयता, पानाच्या तबकात अडकित्ता. ही सारी साधने एका जागी किंवा एका कामाला बांधलेली होती. ‘चाकू’ हा शब्द मात्र फारसीच्या वाटेने मराठीत आला. या छोट्या पात्याचे एक खास ठिकाण होते, आणि ते शेतात नव्हे, दप्तरात होते.

मोडी लिहिणारा कारकून बोरूने लिहीत असे. बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तिरपे छाटावे लागे आणि मधोमध चीर द्यावी लागे. दौत, बोरू आणि चाकू हे त्रिकूट कारकुनाच्या बैठकीत असायचेच. युरोपातही तेच घडले. पिसाची लेखणी तासणारे छोटे पाते म्हणून इंग्रजीत त्याला लेखणीचाच चाकू म्हणू लागले. खिशातल्या चाकूचा एक पूर्वज असा लिखाणाचा सोबती होता.

५.
शेतातल्या धारेचा व्यवहार वेगळा होता. गावचा लोहार हा बलुतेदार. विळा शेवटणे, कुऱ्हाडीला पाणी देणे, नांगराचा फाळ बसवणे या कामांचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. घिसाडी कुटुंबे गाडीवर भाता घेऊन गावोगाव फिरत आणि शिकलगार धार लावून देत.

या व्यवस्थेत अवजार ‘विकत घेणे’ हा एकदाच होणारा सौदा नव्हता. विळा घेतला की त्याच्या पुढच्या प्रत्येक धारेचा संबंध त्याच माणसाशी राहत असे. पात्यावर नाव कोरण्याची गरज नव्हती, कारण घडवणारा हाकेच्या अंतरावर होता. पोलाद मऊ निघाले, तर जाब विचारता येत असे. जातीच्या उतरंडीने लोहाराला या बदल्यात काय दिले, हा निराळा आणि कठोर प्रश्न आहे. त्या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. पण दुरुस्तीची हमी तीत होती, हे खरे.

६.
आता धारेकडे वळू. येथे इतिहासाने एक गमतीदार वळण घेतले आहे. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट याने लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याला हिंदुस्थानी पोलादाचे नमुने पाठवले. दक्षिणेत मुशीत वितळवून तयार होणारे हे पोलाद, इंग्रजीत ‘वूट्झ’ या नावाने प्रसिद्ध पावलेले. जॉर्ज पिअर्सनने त्याची रासायनिक तपासणी करून १७९५ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या चाकू-वस्तऱ्यांच्या कारागिराने ते घडवून पाहिले.

स्टोडार्टला ते इतके आवडले की आपल्या जाहिरातपत्रकात त्याने युरोपातील उत्तम पोलादाहूनही ते आपणास अधिक पसंत असल्याचे छापले. पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेबरोबर त्याने पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले, त्यांमागेही या पोलादाचे कुतूहल होते.

७.
म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कारागीर हिंदुस्थानी पोलादाची थोरवी सांगून आपला माल विकत होता. शंभर वर्षांत चित्र उलटे झाले. ते कसे?

त्याचे उत्तर शेफिल्डमध्ये आहे. तेथे चाकू घडवणाऱ्यांची संघटना १६२४ मध्येच कायद्याने स्थापन झाली होती. कोणत्या कारागिराने कोणती खूण पात्यावर ठोकावी, याची नोंद ती ठेवी. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत तेथे यशस्वी केली. पोलाद एकसारखे निघू लागले. त्यात कोळसा, पाणचक्क्या, वाफेची यंत्रे आणि पाते घडवणारा, घासणारा, मूठ बसवणारा अशी कामाची बारीक वाटणी यांची भर पडली. हिंदुस्थानी मुशीतले पोलाद उत्तम होते, पण ते थोडे, महाग आणि हाताच्या कसबावर अवलंबून होते. शेफिल्डचे पोलाद पुरेसे चांगले आणि अमाप होते.

८.
शेफिल्डमधील सर्वांत गाजलेले नाव जोसेफ रॉजर्स अँड सन्स. तारा आणि क्रूस ही त्यांची खूण. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांनी ७५ पात्यांचा एक अवाढव्य चाकू मांडला होता. तो कोणाच्याही खिशात मावणारा नव्हता, आणि त्याने काही कापावे अशी अपेक्षाही नव्हती. ते नावाचे प्रदर्शन होते.

येथे चाकूच्या किमतीतील तिसरी गोष्ट पुढे येते. घडवणारा सात समुद्रांपलीकडे असेल, तर त्याला जाब विचारता येत नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? पात्याच्या मुळाशी ठोकलेल्या खुणेवर. गावच्या लोहाराच्या ओळखीची जागा अशा रीतीने छापाने घेतली.

९.
हा छाप खानदेशात पोहोचण्याची वाट रेल्वेने तयार केली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली. त्याच वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस अडला आणि हिंदी कापसाला अभूतपूर्व भाव आला. खानदेश हा कापसाचा मुलूख. गाडीने कापूस मुंबईकडे जाई आणि परतीच्या वाटेने विलायती माल येई.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पहूर हे तिच्यावरचे एक स्थानक. २०२० मध्ये थांबेपर्यंत ही छोटी गाडी शंभर वर्षे धावली. दूरच्या कारखान्याचा माल आणि जवळच्या लोहाराचा माल एकाच बाजारात शेजारी मांडले जाण्याची प्रक्रिया या रुळांनी गावागावांत नेली.

१०.
पण नावाला भाव आला की नावाची चोरीही येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त पात्यांवर शेफिल्डच्या खुणा ठोकून ती जगभर विकली जात. जर्मनीतील झोलिंगनच्या मालाविषयी शेफिल्डचे कारागीर विशेष ओरड करीत. त्यातून ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी खुणांचा कायदा झाला. परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव घालणे भाग पडले. हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तशाच धर्तीचा कायदा आला.

या कायद्याचा परिणाम विनोदी झाला. जो शिक्का जर्मन मालाला कमी लेखण्यासाठी होता, तोच पुढे जर्मन मालाच्या दर्जाची ग्वाही ठरला. झोलिंगनचे चाकू आजही त्या शहराच्या नावावर विकले जातात. नाव हे बाहेरून लादले, तरी धार चांगली असेल तर ते ग्राहकाच्या मनात वेगळाच अर्थ धारण करते.

११.
आता चौथी गोष्ट: मुभा. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदी शस्त्र कायदा आला. परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी झाली. कायद्यातील ‘शस्त्रां’च्या व्याख्येत बंदुका, तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही होते.

खानदेशात या शेवटच्या दोन शब्दांना वजन होते. धनुष्यबाण हे सातपुड्यातील भिल्लांच्या रोजच्या जगण्याचे साधन. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने याच भिल्लांची पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे केले. म्हणजे सरकारी नोकरीत असलेला भिल्ल शस्त्र धरी तो शिपाई, आणि जंगलातला भिल्ल धनुष्य धरी तो कायद्याच्या व्याख्येत बसणारा. साधन कोणते आणि शस्त्र कोणते, हे वस्तूच्या आकाराइतकेच ती कोणाच्या हातात आहे यावरही ठरत होते.

१२.
या कायद्यातून युरोपीयांना सूट होती. हा भेदभाव इतका बोचला की १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला.

पहूरपासून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत या सुटीची एक जुनी पार्श्वभूमी भिंतीवरच दिसते. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातील इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे आला आणि दहाव्या लेण्यातील बोधिसत्त्वाच्या प्राचीन चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरली. तेव्हा लेण्यात गाळमातीचा ढीग साचलेला होता व तो त्यावर उभा होता, म्हणून ती अक्षरे आज डोळ्यांच्या पातळीहून उंच दिसतात. साठ वर्षांनी कायदा आला तेव्हा टोकदार वस्तू कोणाच्या हातात धोक्याची, याचे उत्तर त्याने वंशावरून दिले.

१३.
कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली. सरकारला त्यांचा संशय होता, त्यांचे टपालही फोडून पाहिले जाई.

याच रानड्यांनी पुढे देशी उद्योगांच्या पायाभरणीचा विचार मांडला. १८९० मध्ये पुण्यात पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संघटना उभी राहिली, आणि लोखंडाच्या धंद्यातील सुरुवातीच्या प्रयत्नांवर त्यांनी निबंध लिहिला. त्यांच्या प्रतिपादनाचा रोख स्पष्ट होता. मुबलक खनिज आणि पूर्वापार कौशल्य असूनही हा देश लोखंडी वस्तू बाहेरून आणतो, ही स्थिती बदलली पाहिजे. विलायती चाकू स्वस्त आणि चांगला असेल तर तो न घेण्यात अर्थ काय, या प्रश्नाला रानड्यांच्या विचारात उत्तर होते: आजची स्वस्ताई उद्याच्या कसबाच्या मोबदल्यात मिळत असेल, तर तिचा हिशोब अपुरा आहे.

१४.
१९०५ मध्ये वंगभंगाने स्वदेशी पेटली. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. कापडाला हातमागाचा आणि देशी गिरण्यांचा पर्याय होता. चाकूचे काय?

येथे स्वदेशीची खरी कसोटी होती. चांगल्या पात्याला चांगले पोलाद लागते, आणि मोठ्या प्रमाणावर ते या देशात तयार होत नव्हते. बंगालमध्ये वर्धमानजवळच्या कांचननगरच्या कारागिरांनी चाकू-कात्र्यांत नाव मिळवले, ते याच काळात स्वदेशीचा अभिमान ठरले. पण देशी पोलादाचा मोठा आधार मिळायला १९१२ उजाडले. त्या वर्षी जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात पहिले पोलाद ओतले गेले. मनात बहिष्कार आणि खिशात विलायती चाकू, अशी स्थिती त्या काळच्या प्रामाणिक स्वदेशीवाद्यालाही टाळता येणे कठीण होते.

१५.
डिसेंबर १९३६ मध्ये हा प्रश्न खानदेशाच्या दारी आला. राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबू आणि स्थानिक साहित्याने टिळकनगर सजले. तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले.

एकाच मांडवात दोन दृष्टी होत्या. नेहरूंचा कल मोठ्या यंत्रोद्योगाकडे, गांधीजींचा गावातल्या हातांकडे. गावातले अवजार थोडे ओबडधोबड असले तरी ते घ्यावे, म्हणजे घडवणाऱ्याला सुधारण्याची संधी मिळते, ही ग्रामोद्योगाची भूमिका. उत्तम वस्तू स्वस्तात सर्वांना मिळावी, ही कारखान्याची भूमिका. दोन्ही बाजूंना युक्तिवाद होता, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

१६.
दरम्यान चाकूचे जुने काम हळूहळू संपत होते. बर्मिंगहॅमच्या पोलादी निबांनी बोरू छाटण्याची गरज घालवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी लिखाणातून मोडी मागे पडली. पुढे बॉलपेन आला. पेन्सिलीचे टोक काढायला स्वस्त ब्लेड आणि टोकयंत्र आले. दप्तरातला चाकू बेकार झाला.

जपानमध्ये असाच बदल अधिक नाट्यमय रीतीने घडला. तेथे ‘हिगोनोकामी’ नावाचा साधा घडीचा चाकू शाळकरी मुले पेन्सिल तासायला वापरत. १९६० मध्ये एका सतरा वर्षांच्या तरुणाने समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची मोहीम झाली, आणि ज्या चाकूचा त्या घटनेशी संबंध नव्हता तोही मागे पडला.

१७.
आपल्याकडे हे काम हिंदी चित्रपटाने केले. उत्तर प्रदेशातील रामपूरचा लांब पात्याचा, उघडताना कटकट आवाज करणारा चाकू पडद्यावर गुंडाची ओळख बनला. ‘वक्त’ (१९६५) मधील राजकुमारचा चाकूचा प्रसंग आजही आठवला जातो. पुढे रामपुरीच्या पात्याच्या लांबीवर बंधने आली आणि तेथील कारागिरांचा धंदा आटला. २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात वीस फुटी चाकू स्मारक म्हणून उभा राहिला. हातातला चाकू गेला, चौकातला उरला.

मराठीत ‘खटक्याचा चाकू’ हा शब्दप्रयोग ऐकताच मनात मारामारीच येते. बोरू छाटणारे ते पाते कोणाला आठवत नाही. वस्तूचा इतिहास विसरला की तिच्या भीतीलाच इतिहास समजले जाते.

१८.
युरोपात चाकूने आपले कामाचे रूप टिकवले. फ्रान्सच्या साव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याला फिरणारी कडी बसली, म्हणजे पाते उघडल्यावर ती फिरवून घट्ट करता येते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली, तोच पुढे ‘स्विस चाकू’ म्हणून जगभर गेला. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद पुढे आणले आणि पावसाळ्यात पाते तांबरण्याची चिंता कमी झाली.

या सर्वांत एक सूत्र आहे. पाते पोलादाचेच राहिले, बदलत गेला तो सांधा आणि मूठ. टायटॅनियम नेमके याच जागी आले.

१९.
टायटॅनियमचा शोध १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या इंग्रज पाद्र्याला कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत लागला. १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लापरोथने ग्रीक पुराणातील टायटनांवरून त्याला नाव दिले. पण ही धातू खनिजातून सुटी करणे फार अवघड. विल्यम क्रॉलने शोधलेल्या पद्धतीने ती १९४८ पासून व्यापारी प्रमाणात निघू लागली. विमाने आणि क्षेपणास्त्रे हे तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक.

ही धातू आपल्यालाही परकी नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत तिचे खनिज, इल्मेनाइट, सापडते. केरळात चवरा येथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंज बनवणारा कारखाना सुरू झाला. अवकाश संशोधन आणि संरक्षण या क्षेत्रांची गरज त्यामागे होती. वाळूत मुबलक आणि धातुरूपात महाग, हे टायटॅनियमचे वैशिष्ट्य आहे. किंमत खनिजाची नसून त्याला सुटे करण्याच्या कष्टाची आहे.

२०.
चाकूत टायटॅनियम काय करते? त्याची घनता सुमारे ४.५, पोलादाची सुमारे ७.८. म्हणजे त्याच आकाराची मूठ जवळजवळ निम्म्या वजनात. घाम, पाऊस, मीठ यांनी ते गंजत नाही. शिवाय ते लवचीक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत मायकेल वॉकरने मुठीच्या आतील पातळ पट्टीच वाकवून पाते अडवण्याची युक्ती रुजवली. त्याच दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या क्रिस रीव्हने मुठीची एक बाजूच कुलूप म्हणून वापरली. त्याच्या चाकूचे नाव ‘सेबेंझा’, झुलू भाषेत त्याचा अर्थ ‘काम’.

हॉलश्टाटपासूनची दुबळी जागा येथे सर्वाधिक भक्कम झाली. टायटॅनियमच्या चाकूची किंमत प्रामुख्याने या सांध्याची किंमत आहे.

२१.
धार मात्र टायटॅनियमची नसते. चाकूंत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूची कठिणता रॉकवेल मापावर ३६ च्या आसपास असते, तर चांगल्या पात्याच्या पोलादाची ५८ ते ६२. म्हणून टायटॅनियमचे पाते लवकर बोथट होते, आणि चांगल्या ‘टायटॅनियम चाकू’चे पाते पोलादाचेच असते. इतकेच नव्हे, पात्याच्या घर्षणाने टायटॅनियम झिजते म्हणून अनेक उत्तम चाकूंत कुलपाच्या टोकाशी पोलादाचा छोटा तुकडा बसवतात.

येथे १८८० च्या दशकातील खोट्या खुणांची आठवण ठेवावी. आजही बाजारात कित्येक पात्यांवर केवळ टायटॅनियमयुक्त मुलामा असतो आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘टायटॅनियम’ असते. सोनेरी किंवा काळी चमक म्हणजे धातू नव्हे. मूठ कशाची, पाते कोणत्या पोलादाचे, ही दोन उत्तरे वेगवेगळी मिळाली पाहिजेत.

२२.
मुभेचे काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना त्यातून वगळले आहे. खिशातला घडीचा चाकू या मापाच्या पुष्कळ खाली असतो.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात. त्यांत सार्वजनिक ठिकाणी चाकू, काठ्या, भाले बाळगण्यास बंदी असते. विमानाच्या प्रवासी कक्षातही चाकू नेता येत नाही. शेताच्या बांधावर साधन असलेली वस्तू मिरवणुकीत शस्त्र ठरते. १८७८ चा वंशभेद गेला, पण वस्तू कोठे आणि कोणत्या प्रसंगी आहे, हा प्रश्न कायम आहे.

२३.
आता पहूरच्या तरुणाचा हिशोब मांडता येतो.

काम केळीचे घड उतरवण्याचे असेल, तर घडीचा चाकू मुळातच चुकीचे साधन. तेथे कोयता-विळाच. ठिबकची नळी कापणे, सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, फळ चिरणे ही कामे साध्या पोलादी पात्याने उत्तम होतात. रोज, ओल्या हाताने, एकट्याने काम करणाऱ्याला भक्कम कुलूप हवे. ते मिळवण्यासाठी टायटॅनियमच लागते असे नाही. ओपिनेलच्या कडीसारखी साधी युक्तीही पुरते.

आणखी एक बाब. अतिकठीण पोलादाची धार गेली, तर नेहमीच्या दगडावर ती लावायला फार वेळ लागतो, बहुधा हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो. साध्या कार्बन पोलादाचे पाते गावातला धारवालाही काही मिनिटांत ताजे करून देतो. दुरुस्ती कोठे होईल, हा बलुतेदारीच्या काळातला प्रश्न म्हणून आजही विचारण्याजोगा आहे.

२४.
मग टायटॅनियमचा चाकू घेऊच नये का? तसे इतिहास सांगत नाही. उत्तम सांध्याचे, हलकेपणाचे आणि नेटक्या कारागिरीचे मोल देण्यात गैर काही नाही. स्टोडार्टच्या गिऱ्हाइकांनीही चांगल्या पोलादासाठी जास्त पैसे मोजले होते. ज्याला हे सौंदर्य आवडते आणि जो ते सहज पेलू शकतो, त्याने ते आवडीची वस्तू म्हणूनच घ्यावे. कामासाठी नाइलाजाने घ्यावे लागले, असे मात्र स्वतःला सांगू नये.

ज्याला ही किंमत जड जाते, त्याने मात्र संकोच बाळगू नये. पैसे मर्यादित असतील तर ते आधी पात्याच्या पोलादावर व त्याला दिलेल्या पाण्यावर जावेत, मग सांध्यावर, आणि सर्वांत शेवटी नावावर. १८५१ चा ७५ पात्यांचा चाकू प्रदर्शनाचा होता. बोरू छाटणारे पाते कामाचे होते. दोहोंना जागा आहे, फक्त एकाच्या भावात दुसरे घेऊ नये.

२५.
मराठीत एक जुनी म्हण आहे: सोन्याची सुरी असली म्हणून ती उरात खुपसून घेत नाहीत. म्हण हानीविषयी आहे, पण तिच्यात धातूविषयीही एक शहाणपण दडलेले आहे. मूठ सोन्याची असो वा टायटॅनियमची, सुरीने काय करायचे हे मूठ सांगत नाही.

वूट्झ लंडनला गेले, रॉजर्स खानदेशात आला, झोलिंगनने शेफिल्डची खूण चोरली, स्वदेशीला पोलादासाठी सात वर्षे वाट पाहावी लागली, आणि रत्नागिरीच्या वाळूतली धातू आज परदेशी मुठींच्या रूपाने मोबाइलवर विकायला आली आहे. या प्रत्येक टप्प्यावर किंमत ठरवणारे अनेक होते. ग्राहकाच्या हाती एकच गोष्ट होती: पाते उघडून, धार पाहून, ‘हे नेमके कशाचे पैसे?’ असे विचारणे. पहूरच्या आठवडी बाजारात खुरपे घेणारी शेतकरी बाई ते पाते नखावर घासून पाहते, तेव्हा ती हेच विचारत असते.